वंडरला हैदराबाद, नागपुरातून, लेकरांसकट: आधी टेप काढा, मग तिकीट

ज्यांना शेवटपर्यंत वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी निकाल आधी. मूल ११५ सेंटिमीटरच्या वर असेल तर नागपूरहून हैदराबादच्या वंडरला या मनोरंजन पार्कला जाणं पैसे वसूल आहे. १०० ते ११५ च्या मध्ये असेल तर जा, पण पाण्यासाठी जा, राइड्ससाठी नको. १०० च्या खाली असेल तर अमरावती रोड किंवा सावनेर रोडवरच्या एखाद्या वॉटर पार्कमध्ये एक दिवस घालवा आणि हैदराबाद दोन-तीन वर्षांनी करा. वय मुद्दाम लिहिलं नाही. पार्कात तुमच्या मुलाचं वय कोणी विचारत नाही, उंची मोजतात.

वंडरला हैदराबाद २०१६ मध्ये सुरू झालं. शहराच्या दक्षिणेला, आउटर रिंग रोडच्या रावीर्याल एक्झिटजवळ. कोची आणि बेंगळुरूनंतरचं हे त्या कंपनीचं तिसरं पार्क. एकाच तिकिटात जमिनीवरच्या राइड्स आणि पाण्याच्या राइड्स दोन्ही येतात, नागपूरकरांच्या दृष्टीने हीच त्याची मोठी जमेची बाजू. खोपोलीजवळचं इमॅजिका लहानग्यांसाठी गोष्टीरूप, बंदिस्त राइड्सच्या बाबतीत सरस आहे, पण त्याचं वॉटर पार्क वेगळ्या तिकिटाचं आणि समृद्धी महामार्ग कितीही गुळगुळीत असला तरी इगतपुरी ओलांडून पुढे खोपोली गाठायची म्हणजे चार वर्षांच्या मुलाला गाडीत अख्खा दिवस बांधून ठेवणं आलं. हैदराबाद त्या मानाने अंगणात आहे.

उंचीचा हिशोब

८५ सेंटिमीटरच्या खालच्या मुलाला प्रवेश फुकट. ८५ ते १४० पर्यंत मुलांचं तिकीट. त्यावर मोठ्यांचं. आपल्याकडच्या मुलांची उंची साधारण अशी चालते: दोन वर्षांना ८५ च्या आसपास, चारला शंभर, सहाला ११४-११५, आणि १४० गाठेपर्यंत दहावं वर्ष उलटून जातं. म्हणजे अडीच वर्षांचं बाळ आणि नऊ वर्षांची ताई यांचं तिकीट एकाच दराचं. ताई त्या तिकिटात दिवसभर नाचेल, बाळ घोड्यांच्या चक्रावर दोनदा बसेल आणि बाबाच्या खांद्यावर झोपेल. तिकीट महाग की स्वस्त हा वाद घालण्याआधी हा फरक बघा.

घरी मोजताना चपला काढून, टाचा भिंतीला टेकवून, डोक्यावर सपाट पुस्तक आडवं धरून मोजा. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची खूण असेल तर ती जुनी समजा, या वयात वर्षाला सहा-सात सेंटिमीटर सहज वाढतात. सकाळी मोजलेली उंची संध्याकाळपेक्षा थोडी जास्त भरते, त्यामुळे अगदी सीमारेषेवरच्या मुलाला ज्या राइडचं वेड लागलंय ती सकाळीच उरकावी. बुटात कागद घालणं, अंबाडा उंच बांधणं असले उद्योग करू नका. अट ठरते ती सीटवरचा आडवा दांडा मुलाच्या मांडीवर नीट बसतो की नाही यावरून. दांडा मोठ्या माणसाच्या मांडीवर अडकला की शेजारच्या बारक्याच्या पोटापाशी चांगली वीतभर फट राहते. राइडवरचा माणूस मुलाला परत पाठवतो तेव्हा तो तुमच्याच बाजूचा असतो.

परत पाठवलेल्या मुलाचं रडणं मात्र खरं असतं, आणि त्यावर उपाय घरीच करायचा असतो. पार्कच्या वेबसाइटवर प्रत्येक राइडसमोर उंचीची अट दिलेली असते. जाण्याच्या आदल्या आठवड्यात मुलाला शेजारी बसवून ती यादी वाचा आणि त्याला चालणाऱ्या राइड्सची नावं वहीत उतरवून द्या. न चालणाऱ्या राइड्सचे व्हिडिओ दाखवू नका. रिकॉइल नावाची मोठी रोलर कोस्टर आहे, डबे आधी उलटे वर ओढून नेते, सोडते, गरगर फिरवते आणि मग तोच सगळा मार्ग पाठमोरा करायला लावते. तिचा व्हिडिओ पाहिलेला सहा वर्षांचा मुलगा गेटमधून आत शिरल्यापासून तेच एक नाव घेत राहतो, आणि तिथे त्याचा नंबर काही लागत नाही.

केव्हा जायचं

या बाबतीत विदर्भाच्या हाती एक हुकमी पान आहे आणि फार थोडी कुटुंबं ते वापरतात. उन्हामुळे आपल्या राज्य मंडळाच्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा आठवडाभर उशिरा उघडतात, २०२५ मध्ये २३ जूनला उघडल्या. तेलंगणातल्या शाळा १२ जूनच्या सुमारास सुरू होतात. मधले दहा-अकरा दिवस आपली मुलं रिकामी आणि तिकडची वर्गात. या दिवसांतला सोमवार ते गुरुवारचा कुठलाही वार धरा, तीच राइड, तेच पाणी, पण रांग मे महिन्यातल्या रविवारच्या तुलनेत काहीच नाही. पावसाची एखादी सर आली तर येऊ द्या, पाण्यात भिजायलाच गेलोय. विजा कडाडल्या तर उंच राइड्स थांबवतात, त्यात हुज्जत घालण्यासारखं काही नाही.

दुसरा चांगला काळ दिवाळीनंतरचा. आपल्या दिवाळीच्या सुट्ट्या लांबतात, तेलंगणात मोठी सुट्टी असते ती बतुकम्मा-दसऱ्याची. म्हणून दसऱ्याच्या आठवड्यात चुकूनही जाऊ नका, संक्रांतीलाही नाही. डिसेंबर-जानेवारीत मोठ्यांना हवा छान वाटते, पण लहान मुलाच्या अंगावर चरबी कमी आणि वजनाच्या मानाने त्वचेचा पृष्ठभाग जास्त, त्यामुळे ते पाण्यात दहा मिनिटांत कुडकुडायला लागतं. ओठ निळसर दिसले की बाहेर काढा, कोरडं करा, गरम काहीतरी पाजा. "अजून पाच मिनिटं" हा करार थंडीत मोडायचा असतो.

मे महिना? नागपूरच्या नवतपातून निघालेल्याला हैदराबादचं ३९-४० अंश सुसह्य वाटतं खरं, पण त्या भ्रमावर जाऊ नका. घरी त्या उन्हात आपण दुपारी मुलांना बाहेर सोडत नाही, इथे दुपारी बारा ते चार ती उघड्यावर असतात.

रेल्वे की गाडी

नागपूर–सिकंदराबाद वंदे भारत सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली आणि लहान मुलं असलेल्या घरांसाठी हा प्रवास एकदम आवाक्यात आला. पहाटे पाचला नागपूरहून सुटते, सव्वाबाराला सिकंदराबाद. परतीची दुपारी एकला निघून रात्री आठ वीसला नागपुरात. मंगळवारी ही गाडी नसते. आता वार जुळवा: रविवारी जाऊन सोमवारी पार्क केलं तर मंगळवारी परतीला गाडीच नाही. सोमवारी जा, मंगळवारी पार्क, बुधवारी परत, हे उत्तम बसतं. बुधवार–गुरुवार–शुक्रवारही चालतं. शुक्रवारी जाऊन शनिवारी पार्क हा नोकरदारांचा लाडका बेत सगळ्यात गर्दीचा. वेळापत्रक तिकीट काढताना एकदा पडताळून घ्याच.

तिकिटाचा एक बारकावा लोकांच्या लक्षात राहत नाही. पाच वर्षांखालचं मूल रेल्वेत फुकट, पण त्याला जागा नाही. पाच ते बारामधल्या मुलाला स्लीपर किंवा थ्री एसीत वेगळी बर्थ न घेता अर्ध्या भाड्यात नेता येतं, चेअर कारमध्ये, म्हणजे या वंदे भारतमध्येही, मात्र ही सोय नाही, पूर्ण भाडं भरावं लागतं. त्यामुळे साडेचार वर्षांच्या, सोळा-सतरा किलोच्या मुलाला मांडीवर घेऊन सात तास जायचं की त्याची सीट विकत घ्यायची हे आधी ठरवा. माझं मत: जाताना मांडीवर चालून जाईल, कारण पहाटेची गाडी, ते झोपतं. येताना सीट घ्याच. दुपारी एकला, आदल्या दिवशी पाण्यात दमलेलं पण जागं मूल मांडीवर टिकत नाही. जेवणही दर सीटला एकच येतं, मांडीवरच्याला वेगळं ताट नाही. दशम्या, गुळतूप, मुरमुऱ्याचा चिवडा सोबत ठेवा.

पहाटे चार-साडेचारला मेट्रो सुरू झालेली नसते. रात्रीच ऑटो किंवा कॅब ठरवून ठेवा, आणि मुलांना प्रवासाच्या कपड्यांतच झोपवा.

स्वतःची गाडी नेत असाल तर हिंगणघाट, पांढरकवडा, आदिलाबाद, निर्मल, कामारेड्डी असा सरळ राष्ट्रीय महामार्ग ४४. सुमारे पाचशे किलोमीटर, मुलांसोबतच्या थांब्यांसकट नऊ ते दहा तास धरा. निर्मलच्या अलीकडे घाटाची वळणं आहेत. ज्या मुलाला गाडी लागते त्याला त्याआधी तासभर दूध देऊ नका, पुढच्या काचेतून रस्ता दिसेल असं बसवा आणि हातातला मोबाइल काढून घ्या. खाली स्क्रीनकडे बघत वळणं घेतली की डोळे म्हणतात मी स्थिर आहे, कान म्हणतात मी हलतोय, आणि पोट मधल्या मध्ये मरतं. उलटीची पिशवी हाताशी, डिकीत नव्हे.

हैदराबाद जवळ आलं की नकाशा तुम्हाला शहरातून नेऊ पाहील. ऐकू नका. मेडचलला आउटर रिंग रोडवर चढा, शामीरपेट, कीसरा, घटकेसर या पूर्वेच्या बाजूने फेरी मारून एक्झिट १३, रावीर्यालला उतरा. किलोमीटर थोडे वाढतात, पण एकही सिग्नल लागत नाही. याच रस्त्यावर एक्झिट ११ ला रामोजी फिल्म सिटीचा फाटा लागतो.

मुक्काम कुठे, हा प्रश्न रेल्वेने जाणाऱ्यांना जास्त छळतो. सिकंदराबाद स्टेशन शहराच्या उत्तरेला, पार्क दक्षिणेच्या टोकाला, मध्ये अख्खं हैदराबाद. स्टेशनजवळ हॉटेल घेतलं तर पार्कच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ तास-दीड तास कॅबमध्ये. शमशाबाद किंवा एल.बी. नगरच्या बाजूला घेतलं तर पार्क जवळ, पण परतीच्या दिवशी गाडी पकडायला साडेदहालाच निघावं लागतं. लहान मुलं असतील तर दुसरा पर्याय बरा. पाण्यात दिवस घालवून आलेलं मूल संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये भुकेलं अडकणं याहून वाईट काही नाही, त्यापुढे परतीच्या सकाळची धावपळ परवडली.

कपडे: इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात

पाण्यात नायलॉन किंवा लायक्राचे कपडेच चालतात. सुती टी-शर्ट, जीन्स, साडी, सलवार-कमीज काहीही चालत नाही. यामागे नखरा नाही. सुती कापड पाणी पिऊन जड होतं, घसरगुंडीला चिकटतं आणि माणूस मध्येच अडकतो, मागून येणारा त्याच्यावर आदळतो. शिवाय सुताचे तंतू सुटून पाण्याच्या गाळण्यांमध्ये जाऊन बसतात. ज्यांना अंगभर कपडे हवेत त्यांनी नायलॉनची पूर्ण बाह्यांची टॉप आणि पायघोळ लेगिंग घ्यावी, आजकाल सीताबर्डीत, धरमपेठेत, सदरमध्ये सहज मिळते. पार्कच्या दुकानातही मिळतं, पण तिथे माप आणि रंग जे आहे ते, भाव जो आहे तो.

मुलांसाठी पूर्ण बाह्यांचाच कॉस्च्युम घ्या. उन्हापासून खांदे वाचतात आणि घसरगुंडीवर कोपरं सोलली जात नाहीत. लेबलवर कॉटनचं प्रमाण लिहिलेलं असतं ते वाचा, बाजारात लायक्रा म्हणून विकले जाणारे बरेच कपडे निम्मे सुती असतात.

डायपरमधल्या बाळासाठी स्विम डायपर वेगळा मिळतो, तो नागपुरातूनच न्या, दोन किंवा तीन. नेहमीच्या डायपरमध्ये ओलावा शोषणारे दाणे असतात, ते तळ्यातलंच पाणी शोषायला लागतात, पाच मिनिटांत डायपर फुगून गुडघ्यापर्यंत लोंबतो आणि फुटला तर त्यातली जेली पाण्यात पसरते. स्विम डायपर फक्त शी अडवतो, सू अडवत नाही, तेव्हा तो घालून कॅबमध्ये बसवू नका.

पायात रबराची, मागे पट्टा असलेली सँडल. पाण्याच्या राइड्सवर ती काढावी लागते, पण एका राइडकडून दुसरीकडे जाताना तापलेल्या फरशीवर मोठी माणसं टुणटुण उड्या मारत जातात, लहान मूल जागीच उभं राहून भोकाड पसरतं.

पार्कचा दिवस

गेट साधारण अकराला उघडतं. पाण्याच्या राइड्स त्यानंतर तासा-दीड तासाने सुरू होतात आणि जमिनीवरच्या राइड्सच्या आधी बंद होतात. त्या दिवसाच्या नेमक्या वेळा आत शिरताच फलकावर बघून घ्या, कारण सगळा दिवस त्यावर बेततो. हे माहीत नसलेली कुटुंबं आत शिरल्याबरोबर कॉस्च्युम घालतात, पाणी सुरू व्हायची वाट बघत उन्हात बसतात आणि मुलं तिथेच निम्मी गळतात.

पहिला तास मुलांच्या कोरड्या राइड्सना द्या. घोड्यांचं चक्र, छोटा पाळणा, उड्या मारणारे बेडूक, बुटकी रेल्वे. आपल्या प्रदर्शनांमधला टोराटोरा आणि ब्रेक डान्स पाहिलेल्या मुलाला यात नवं वाटणार नाही असं वाटतं, पण फरक यंत्राच्या देखभालीत आहे: पट्टे नीट लागतात, राइड हळू सुरू होते, हळू थांबते, आणि प्रत्येकाचा पट्टा हाताने ओढून तपासल्याशिवाय बटण दाबत नाहीत. या राइड्सना रांगही छोटी असते. म्हणूनच फास्टट्रॅक तिकिटावर, जे साध्या तिकिटाच्या दुपटीच्या आसपास जातं, लहान मुलं असलेल्या घरांनी पैसे घालू नयेत. त्याने वाचणारी रांग मोठ्या, थरारक राइड्सची, आणि त्यांत तुमचं मूल बसणारच नाही.

मोठ्यांना त्या राइड्स करायच्याच असतील तर आळीपाळीने जा. आई रांगेत तेव्हा बाबा मुलांसोबत, मग उलट. दोघं एकदम गेले आणि मुलं आजीकडे सोपवली हे चालतं, पण आजीने कुठल्या सावलीत, कुठल्या खुणेपाशी बसायचं हे ठरवून. आजी-आजोबा राइडवर बसणार नसले तरी त्यांना तिकीट लागतंच, हेही हिशोबात धरा. फार चालवत नसेल तर त्यांना हॉटेलवर आराम करू द्यावा, ओढून आणण्यात पुण्य नाही.

जेवण बाराला किंवा सव्वाबाराला, भूक लागायच्या आधी. दीडला सगळं पार्क एकदम जेवायला येतं. बाहेरचे पदार्थ आत नेऊ देत नाहीत. बाळाचं खाणं आणि औषधं वेगळ्या पारदर्शक पिशवीत ठेवा, गेटवर उलगडून दाखवायला सोपं पडतं. पिण्याचं गाळलेलं पाणी आत मिळतं, रिकाम्या बाटल्या न्या. मुलांसाठी इडली, साधा डोसा, दहीभात यांवर भिस्त ठेवा. तर्रीवर वाढलेल्या आपल्या माणसांना तेलंगणाचं तिखट घाबरवत नाही, पण मुलांच्या पोटाला सुट्टीच्या मधल्या दिवशी परीक्षेला बसवू नये. जेवल्यावर तासभर गरगर फिरणारं काहीही नको. चहाच्या कपांसारखी निरागस दिसणारी राइडच सगळ्यात जास्त उलट्या काढते, कारण ती दोन अक्षांवर एकदम फिरते.

जेवणानंतर लॉकर. भाड्याशिवाय अनामत रक्कम घेतात, ती परत मिळण्याची पावती ओली होऊ देऊ नका. कुटुंबाला एक मोठा लॉकर पुरतो. किल्ली मनगटावर बांधणाऱ्या व्यक्तीने मोठ्या घसरगुंड्या टाळाव्यात.

पाण्यात

लहानांच्या उथळ तळ्यात फवारे आणि बुटक्या घसरगुंड्या असतात. १०० ते ११५ सेंटिमीटरच्या मुलाचे खरे पैसे इथे वसूल होतात. दोन-दोन तास मुलं हलत नाहीत. पालकांची चूक इथली नेहमीची: पाणी उथळ म्हणून काठावर बसून मोबाइल. घोट्याएवढ्या पाण्यातही पालथं पडलेलं दीड वर्षाचं बाळ स्वतःहून मान उचलत नाही, आणि ते ओरडतही नाही. एक मोठा माणूस कायम हाताच्या अंतरावर, पाळी लावून, आणि पाळी बदलताना तोंडाने सांगून: "आता तुझी."

वेव्ह पूलबद्दल थोडं सविस्तर, कारण घाबरणं आणि दुर्लक्ष दोन्ही इथे होतं. खोल टोकाकडून लाटा ढकलल्या जातात, उथळ काठाकडे येता येता त्या फुटतात. काठावर लाट लहान दिसते, पण मुलाला पाडतं ते येणारं पाणी नव्हे, परत जाणारं. ते पायाखालून खेचून नेतं, मूल मागे बसतं आणि पुढची लाट तोंडावर येते. म्हणून मुलाचं तोंड लाटेकडे, तुम्ही त्याच्या मागे गुडघ्यावर, दोन्ही हात त्याच्या बगलेत. हात धरून शेजारी उभं राहिलात तर लाटेत मूल तुमच्या हाताला लोंबकळतं, खांद्याला हिसका बसतो. मुलाच्या गुडघ्याच्या वर पाणी येईल तिथवर जायचं नाही. लाटा सुरू होण्याआधी भोंगा वाजतो, तो आवाज काही मुलांना लाटेपेक्षा जास्त घाबरवतो, आधी सांगून ठेवा.

लेझी रिव्हर, म्हणजे ट्यूबमध्ये बसून संथ वाहत जायचं पाणी, आजी-आजोबांसकट सगळ्यांना चालते, फक्त नियमातला कपडा हवा. ट्यूबमध्ये मूल मांडीवर बसवताना त्याची पाठ तुमच्या छातीला. रेन डिस्को, म्हणजे फवाऱ्यांच्या पावसात गाण्यांवर नाचणं, बंद जागेत, अंधारात, मोठ्या आवाजात असतं. चार वर्षांखालच्यांना नेऊ नका, बाहेर पडायचा रस्ता अंधारात पटकन सापडत नाही आणि मूल बिथरतं.

डोळे लाल झाले की लोक पाण्यात क्लोरीन जास्त म्हणतात. बहुतेक वेळा तो क्लोरीन आणि माणसांचा घाम-लघवी यांच्या संयोगाचा प्रताप असतो. उतरण्याआधी शॉवर घ्या म्हणतात ते यासाठीच. पोहायचा चष्मा मुलाला आधी घरी बादलीत घालून सवयीचा करा, नाहीतर तिथे तो कपाळावरच राहतो.

दर पाऊण तासाला पाण्याबाहेर काढून पाणी पाजा. पाण्यात असल्यावर तहान लागत नाही, घाम दिसत नाही, आणि संध्याकाळी डोकं दुखतंय म्हणून रडणं सुरू होतं. ओआरएसची दोन पाकिटं कॅबच्या पिशवीत असावीत. सनस्क्रीन कान, मान आणि पावलांच्या वरच्या बाजूला लावायला सगळे विसरतात, दुसऱ्या दिवशी बुटात पाय घालताना आठवतं.

मुलाच्या दंडावर बॉलपेनने फोन नंबर लिहिला तर पहिल्याच तळ्यात धुऊन जातो. पक्क्या शाईचा मार्कर घ्या, आणि पाण्यात गेल्यावर मोबाइल लॉकरमध्ये असतो हे लक्षात घेऊन बाहेर बसलेल्या माणसाचा नंबर लिहा. सगळ्या मुलांना एकाच भडक रंगाचे कॉस्च्युम, निळा सोडून. निळ्या तळ्यात निळं मूल दिसत नाही. भाषेची अडचण येत नाही, आपली नागपुरी हिंदी तिथे बिनबोभाट चालून जाते.

साडेतीन-चारला लहानांना बाहेर काढा, पाणी बंद व्हायची वाट बघू नका. बंद होताना सगळे एकदम कपडे बदलायला येतात आणि शॉवरची रांग दिवसातल्या सगळ्यात लांब रांगांपैकी असते. उरलेला वेळ मिशन इंटरस्टेलरसारख्या आत बसून बघायच्या गोष्टीला द्या. भल्यामोठ्या पडद्यासमोर खुर्च्या उचलल्या जातात आणि पाय अधांतरी राहतात. उंचीची अट आधी बघा, आणि अंधाराला भिणाऱ्या मुलासोबत बळजबरी नको.

आणखी काय जोडायचं

रामोजी फिल्म सिटी याच सहलीत कोंबू नका. बसमधून चढउतार, लांब चालणं आणि सिनेमाचे सेट, यात आठ वर्षांखालच्या मुलाला रस वाटेल असं थोडंच. पहिल्या संध्याकाळी हुसेन सागरकाठचं लुंबिनी पार्क आणि बोट पुरे. गाडीने आलेल्यांकडे एक दिवस जास्त असेल तर नेहरू प्राणिसंग्रहालय, सोमवार सोडून. येताना निर्मलला लाकडी खेळणी मिळतात, वजनाला हलकी आणि रंग देखणे, तीन वर्षांखालच्या, सगळं तोंडात घालणाऱ्या बाळाला मात्र देऊ नका.

ओले कपडे रात्री हॉटेलच्या बाथरूममध्ये साध्या पाण्यात खळबळून पंख्याखाली टाकले की लायक्रा सकाळपर्यंत वाळतं. तसंच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणलं तर नागपुरात उघडेपर्यंत कुबट वास बसतो आणि क्लोरीनने ताण सैल होतो, पुढच्या वर्षी धाकट्याला घालता येत नाही. परतीच्या दिवशी सिकंदराबादला साडेबाराच्या आत फलाटावर असा. रात्री आठ वीसला नागपूर स्टेशनवर उतरलात की मेट्रो सुरू असते, सामान बेताचं असेल आणि मुलं जागी असतील तर ऑटोवाल्यांशी घासाघीस करण्यापेक्षा अ‍ॅक्वा लाइन पकडून मोकळे व्हा.